खाणकामातील अवजड यंत्रांमुळे होणाऱ्या इजा
चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील उघड्या कोळसा खाणींत डंपर, शॉवेल, डोझर यांवर काम करणाऱ्यांच्या इजा कामानुसार वेगळ्या असतात. चालकाला सततच्या हादऱ्यांनी कंबरदुखी जडते. केबिनच्या उंच शिडीवरून उतरताना पाय घसरतो. मेकॅनिकचा धोका अधिक जीवघेणा. उचललेल्या हौद्याला आधार न लावल्यास हायड्रॉलिक दाब सुटताच तो कोसळतो. हवा भरताना टायर फुटतो, रिंग उडते. बारीक गळतीतून उच्च दाबाचे तेल त्वचेत घुसते; जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीची शस्त्रक्रिया लागते. नेमकी हीच इजा सहज दुर्लक्षिली जाते. यंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने अधिसूचित रोग असून, प्राणघातक अपघात खाण सुरक्षा महानिदेशालयाला कळवणे बंधनकारक आहे.