‘कोर्ट’ आवडला नाही, पण डोक्यातून जात नाही

खरं सांगतो मंडळी, चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मी मोबाईलवर दोन बैठकांत कसाबसा संपवला. २०१४ ला व्हेनिसमध्ये गाजला, नंतर राष्ट्रीय पुरस्कार, मग भारतातर्फे ऑस्करला. हे सगळं ठाऊक असूनही पहिल्या रात्री मला चक्क झोप लागली.

आपण माहूरची माणसं. रेणुकेच्या गडाखाली वाढलेलो. संबळ वाजला की पाय आपोआप हलतात, गोंधळात अख्खी रात्र सरते तरी कंटाळा येत नाही. अन् इथं कॅमेरा खुंट्याला बांधल्यासारखा एका जागी. सरकारी वकीलबाई सपाट आवाजात कलमं वाचतायत, पुढची तारीख पडते, बस्स. आरोपी शाहीर नारायण कांबळे. गुन्हा काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं म्हणे आत्महत्या केली! (शाहीर झालेले नागपूरचे वीरा साथीदार चळवळीतलेच. २०२१ मध्ये कोरोनानं गेले.)

गाण्यावरून खटला? मला आधी हे जरा अतीच वाटलं. पण इतिहास बघा. बंगालमधल्या नाटकांची धास्ती घेऊन इंग्रजांनी १८७६ ला नाट्यप्रयोगांचा कायदा केला. १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, कारण लोकांना कीचकात कर्झन दिसू लागला होता. आपलं माहूर तेव्हा निजामाकडे. इंग्रज १९४७ ला गेले, तो १८७६ चा कायदा मात्र केंद्रानं रद्द करेपर्यंत २०१८ उजाडलं. म्हणजे एप्रिल २०१५ मध्ये ‘कोर्ट’ थेटरात लागला तेव्हाही तो जिवंतच होता.

दुसऱ्या रात्री शेवट पाहिला. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात अन् पडदा काळाकुट्ट. मला वाटलं संपला. तर पुढं न्यायाधीश साहेब सहलीला!

इथं मात्र मी उठून बसलो. वडिलांच्या बांधाच्या दाव्यात मी अकरा वर्षं तारखांना गेलोय. पहाटेची एसटी, बाकड्यावर दुपार, नाव पुकारलं की पुढची तारीख. ताम्हाणेनं तो कंटाळा काडीचाही कमी न करता तसाच ठेवलाय. मानलं पाहिजे बाबाला. मजा आली का विचाराल तर नाही.

वडिलांना अजून दाखवला नाही. ते म्हणतील, हे बघायला मोबाईल कशाला लागतो?