भूमी अभिलेखांचे संकेतस्थळ आणि परभणीचा शेतकरी

संकेतस्थळाची रचना वापरकर्त्याच्या गरजेनुसार असावी, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. परभणी जिल्ह्यातील जमिनीच्या नोंदींचा इतिहास मात्र निराळी दिशा दाखवितो. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शासनव्यवहाराची भाषा उर्दू होती. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे सातबारा रूढ झाला. भाषा पालटली, परंतु नोंदीपर्यंतचा मार्ग प्रशासनाच्या उतरंडीतूनच राहिला. 'महाभूलेख' संकेतस्थळाने तीच उतरंड पडद्यावर आणली : प्रथम महसुली विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव व अखेरीस गट क्रमांक. शेतकरी आपले रान 'विहिरीचे', 'ओढ्याकाठचे' असे ओळखतो. महसुली विभाग त्याच्या बोलण्यात क्वचितच येतो. नावावरून शोधण्याची सोय झाली, ही जमेची बाजू. पण तीही गाव निवडल्यावरच.

1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परिणामी वसमत वा कळमनुरीच्या शेतकऱ्याचा सातबारा हिंगोलीखाली, तर आजोबांच्या कागदावर जिल्हा परभणी. वारसाहक्काच्या वादात नेमका हाच दुवा लागतो. तो जाणत्या तलाठ्यास ठाऊक असतो. विभाग-जिल्हा-तालुका या निवडसूचीत मावत नाही.