यंत्र-अध्ययन प्रतिमानांची वेब सेवा : उगम व विकास

मोठ्या माहितीसाठ्यातील आकृतिबंध संगणकाने स्वतः ओळखून त्यांवरून निष्कर्ष काढण्यास शिकणे, यास यंत्र-अध्ययन किंवा मशीन लर्निंग म्हणतात. या शिक्षणाअंती सिद्ध होणाऱ्या गणिती रचनेस प्रतिमान वा मॉडेल अशी संज्ञा आहे. असे प्रतिमान सर्व्हरवर ठेवून, दूरच्या संगणकाने वा मोबाइलने इंटरनेटद्वारा पाठविलेल्या माहितीवरील त्याचे उत्तर परत धाडण्याच्या व्यवस्थेस प्रतिमानाची वेब सेवा म्हणता येईल. प्रतिमान कसे शिकवावे याची चर्चा अधिक होत असली, तरी शिकलेले प्रतिमान लोकांच्या उपयोगास कसे आणावे आणि ते कोणाच्या ताब्यात राहावे, हे प्रश्नही या विद्याशाखेच्या इतिहासात तितकेच महत्त्वाचे ठरले आहेत.

पूर्वपीठिका : प्रारंभी प्रतिमान वापरणाऱ्या संस्थेच्या यंत्रातच ते बसविले जाई. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखित अंक ओळखणारी न्यूरल नेटवर्क प्रतिमाने विकसित केली. एनसीआर कंपनीच्या धनादेश वाचणाऱ्या यंत्रणेत १९९६ पासून त्यांचा वापर होऊ लागला आणि पुढे त्यांच्या साहाय्याने रोज लक्षावधी धनादेश वाचले जाऊ लागले. तथापि या पद्धतीत प्रतिमानात सुधारणा झाली, की ती प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पोहोचवावी लागे.

ही अडचण दूर होण्यास दोन घटना कारणीभूत झाल्या. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेस सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचनापद्धती मांडली. तिच्यामुळे वेबच्याच साध्या नियमांनी दोन संगणकांना परस्परांकडून सेवा घेणे सुलभ झाले. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने माहितीची साठवण आणि संगणनक्षमता इंटरनेटवरून भाड्याने देण्यास आरंभ केला. त्यामुळे स्वतःचा सर्व्हर नसलेल्यासही सेवा चालविता येऊ लागली.

प्रयोग व प्रत्यक्ष वापर : चांगले प्रतिमान आणि चालणारी सेवा यांतील अंतर नेटफ्लिक्स कंपनीच्या स्पर्धेमुळे स्पष्ट झाले. चित्रपटांना प्रेक्षक किती गुण देतील, याच्या अंदाजात १० टक्के सुधारणा करणाऱ्या संघास तिने २००९ मध्ये १० लाख डॉलरचे पारितोषिक दिले. मात्र विजेती पद्धत तिने संपूर्णपणे वापरात आणली नाही. वाढीव अचूकतेच्या मानाने ती कार्यान्वित करण्याचा खटाटोप परवडणारा नाही, असे कंपनीने २०१२ मध्ये स्पष्ट केले. अशा प्रणालींत प्रत्यक्ष अध्ययनाची आज्ञावली हा लहानसा भाग असून माहिती गोळा करणे, ती तपासणे, सेवेवर देखरेख ठेवणे इ. कामांचा पसारा कितीतरी मोठा असतो, हे गूगलच्या अभियंत्यांनी २०१५ मधील एका निबंधात दाखवून दिले.

हा पसारा आटोक्यात आणणारी साधने याच काळात निर्माण झाली. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’मुळे प्रतिमान आणि त्यास लागणाऱ्या साहाय्यक आज्ञावली एकत्र बांधून कोठेही सारख्याच रीतीने चालविता येऊ लागल्या. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या ‘कुबरनेटीझ’मुळे मागणीनुसार अशा संचांची संख्या कमीजास्त करणे सोपे झाले. २०१६ मध्ये आलेले ‘टेन्सरफ्लो सर्व्हिंग’ तर खास प्रतिमानांच्या सेवेसाठीच रचलेले होते. सेवेचा वाढता भार हीदेखील मोठी समस्या होती. लोकांनी रोज केवळ तीन मिनिटे बोलून शोध घेतला, तरी आपली संगणनकेंद्रे दुप्पट करावी लागतील, असा अंदाज गूगलने २०१३ मध्ये बांधला. त्यातून ‘टीपीयू’ ही खास चकती घडविण्यात आली आणि २०१५ पासून ती वापरात आली.

भारतीय भाषा : गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये मराठी भाषांतरासाठी न्यूरल पद्धती वापरात आली. वापरणाऱ्याने स्वतःच्या यंत्रात काहीही न बदलता ही सुधारणा त्याच्यापर्यंत पोहोचली, हा वेब सेवेचा मोठाच लाभ होय. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा सेवामंच सुरू केला.

सत्ता व उत्तरदायित्व : हीच व्यवस्था वापरणाऱ्यास परावलंबीही करते. २०१० मध्ये सुरू झालेली गूगलची ‘प्रेडिक्शन एपीआय’ ही सेवा २०१८ मध्ये बंद झाली. ओपनएआय कंपनीने २०२० मध्ये जीपीटी-३ या भाषाप्रतिमानाची सेवा सुरू केली. त्या मालिकेतील मूळ प्रतिमाने जानेवारी २०२४ मध्ये मागे घेण्यात आली. अशा वेळी ग्राहकाची स्वतःची आज्ञावली निर्दोष असली, तरी तिचा आधारच नाहीसा होतो.

याउलट सेवा सर्वांना खुली असल्याने तिची बाहेरून परीक्षाही घेता येते. जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री वा पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी सेवा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. प्रतिमानांची अंतर्रचना गुप्त असूनही केवळ उत्तरांवरून हा दोष उघड झाला. प्रतिमान धारण करणारे मोजके आणि त्याच्या निर्णयाचे परिणाम भोगणारे असंख्य, अशी स्थिती वेब सेवेमुळे निर्माण झाली आहे. म्हणूनच सेवेची गती व अचूकता यांबरोबरच तिची स्वतंत्र तपासणी आणि ती बंद करण्यापूर्वीची पुरेशी पूर्वसूचना, यांनाही महत्त्व प्राप्त झाले आहे.