टोळीतून तोडलेले माकड

तेरेखोल नदीकाठच्या बांद्यात माकड आणि वानर हे शब्द कोणी एकाच अर्थाने वापरत नाही. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. लालसर तोंडाचे, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेले ते माकड. काजूचे बोंड आणि कोवळा नारळ दोघांनाही प्रिय, त्यामुळे ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी कोकणात आता सर्रास ऐकू येते. तिच्यामागचे नुकसान खरे आहे आणि हातातोंडाशी आलेले पीक गमावणाऱ्याचा संतापही रास्त आहे. पण माकडे पकडण्याचा आणि हलवण्याचा आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो पाहिला तर माझी खात्री होते की, माकडाचे हाल केवळ पिंजऱ्याच्या लांबीरुंदीवर ठरत नाहीत. टोळी तुटली आणि उद्याचा भरवसा गेला, की हाल सुरू होतात.

सर्वांत जुनी कैद दोरीची. बाजाराच्या दिवशी डमरू वाजवत येणारा माकडवाला गावोगाव ओळखीचा होता. माकड त्याच्या पालात घरातलेच एक पोट होते, त्याच्या खेळावर चूल पेटत होती, मग त्याला छळ कसे म्हणायचे, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे. पण इशाऱ्यावर उड्या मारणारे माकड घडवायचे तर पिल्लू आईपासून लहानपणीच काढावे लागे, आणि पुढे जन्मभर त्याला आपल्या जातीचे कोणी भेटेलच असे नसे. माणसाची माया त्या जागी पुरी पडत नाही. १४ ऑक्टोबर १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याबरोबर माकडांच्या खेळांवरही बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बंदी योग्यच होती. मात्र ज्यांची भाकरी त्या दोरीला बांधलेली होती त्या भटक्या कुटुंबांचे पुढे काय, हा प्रश्न तिने सोडवला नाही.

दुसरी कैद प्रयोगशाळेची. पोलिओच्या लशीसाठी १९५०च्या दशकात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडे परदेशी जात होती, बहुतेक उत्तर भारतातली. १९५५ मध्ये त्यांतली सुमारे चारशे लंडनच्या विमानतळावर हवा न मिळाल्याने गुदमरून मेली, तेव्हा भारताने काही काळ निर्यात थांबवली. मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ मध्ये ती कायमची बंद केली. त्या लशीने असंख्य मुलांचे पाय वाचवले, हे नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण मुलांचे हित साधले म्हणून वाटेतल्या गुदमरण्याचे समर्थन होत नाही, कारण त्या मरणातून कोणालाही औषध मिळाले नाही.

प्रयोगशाळेत केवळ उत्तरेकडची माकडेच गेली असे नाही. बांद्याच्या बागेत येणाऱ्या माकडाची जात तापीच्या दक्षिणेकडची, म्हणजे आपल्याच द्वीपकल्पाची. न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीवर केलेले प्रयोग इथे फार महत्त्वाचे वाटतात. आई दूर नेली तरी या जातीच्या पिल्लाला टोळीतल्या इतर माद्या जवळ घेत. दुसऱ्या एका जातीची पिल्ले मात्र अशा वेळी खचून जात. पुढे १९८०च्या दशकात काही माद्यांना अन्न सहज मिळेल, काहींना कायम कष्टाने मिळेल आणि काहींना आलटूनपालटून कधी सहज, कधी कष्टाने मिळेल अशी व्यवस्था केली. सर्वाधिक बिथरली ती तिसऱ्या गटातली पिल्ले. कायमचे कष्ट सोसले, अनिश्चितता सोसली नाही. हे ज्ञान कैदेतूनच मिळाले, ही बोच राहतेच; पण मिळाल्यावर त्याकडे पाठ फिरवणे म्हणजे त्या पिल्लांचे सोसणेही वाया घालवणे. आंबोली घाटात सुट्टीच्या दिवशी पर्यटक खाऊ देतात आणि एरवी रस्ता रिकामा असतो, तेव्हा उघड्यावरच्या माकडांपुढेही आपण तीच व्यवस्था मांडत असतो.

आता पकडून लांब सोडण्याच्या त्या मागणीकडे. लांबच्या जंगलात सोडणे ही कैद नव्हे, सुटका आहे, असे म्हटले जाईल. पण पिंजरा लावला की सापडेल ते माकड अडकते, सगळी टोळी नव्हे. उरलेल्यांतून तोडलेले ते अनोळखी रानात, दुसऱ्या टोळीच्या हद्दीत पडते. त्यात माकडतापाची भीती आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीतल्या पालीत, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केरमध्ये आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात आला. आजारी माकडाच्या रक्तावर पोसलेली गोचीड जिथे गळते तिथे विषाणू रुजतो. अशा वेळी माकड गाडीत घालून नेणे म्हणजे तापही पोहोचवणे. हिमाचल प्रदेशात लाखाहून अधिक माकडांची नसबंदी करून ती पकडली त्याच जागी सोडली गेली. तिथल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी संपल्या नाहीत हे खरे, पण टोळीची मोड तरी झाली नाही. नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरी मिळाली पाहिजे, ही मागणी मला पकडण्याच्या मागणीपेक्षा कितीतरी पक्क्या पायावरची वाटते. कारण एक टोळी उचलून नेली तरी बागेतला काजू तसाच पिकतो, आणि पुढच्या हंगामापर्यंत शेजारच्या टोळीला तिथली वाट सापडते.