ब्यूटची टेकडी आणि न्यूयॉर्कचा पैसा

तुम्हाला मोंटानाच्या राजधानीला, हेलेनालाच जायचं असणार. पैसा आणि राजकारण म्हटलं की सगळ्यांना पाकिटं बघायची असतात. ठीक आहे, पाच मिनिटं थांबू. जानेवारी १८९९, मोंटाना राज्याचं विधिमंडळ. वॉशिंग्टनला जाणारा सिनेटर अजून जनता निवडत नाही, इथले आमदार निवडतात. फ्रेड व्हाइटसाइड नावाचा आमदार ३० हजार डॉलर सगळ्यांसमोर ठेवतो आणि सांगतो, तांब्यावर गबर झालेल्या विल्यम क्लार्कच्या माणसांनी मतं फोडायला हे दिलेत. एकच बोंबाबोंब होते. आणि महिना संपायच्या आत हेच आमदार क्लार्कला निवडून देतात.

तमाशा झकास आहे, पण क्लार्क इथलाच. बाहेरचा पैसा कसा चालतो ते बघायचं तर ऑक्टोबर १९०३ मध्ये, याच राज्यातल्या ब्यूटला चला.

गाव टेकडीवर आहे आणि टेकडी आतून पोखरलेली. खाणींचे उंच सांगाडे घरांच्या परसातच उभे. गुत्त्यांतून आयरिश आणि कॉर्निश बोली ऐकू येतात. तुम्ही खाणकामगार आहात. हातात जेवणाचा डबा आहे, पण पाळी नाही. २२ तारखेला न्यायाधीश विल्यम क्लॅन्सीनं दोन निकाल दिले, दोन्ही खाणमालक ऑगस्टस हाइन्झच्या पथ्यावर पडणारे, दोन्ही अमाल्गमेटेड कॉपर कंपनीच्या मुळावर येणारे. कंपनीचे कारभारी न्यूयॉर्कला बसतात: स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स आणि विल्यम रॉकफेलर. त्यांनी इथलं काम थांबवलं. नुसत्या खाणी नव्हेत, भट्ट्या आणि लाकडाच्या वखारीसुद्धा. सुमारे १५ हजार माणसं घरी बसली. १९०० च्या जनगणनेत हे सगळं राज्यच जेमतेम अडीच लाखांचं.

२६ तारखेला कोर्टाच्या पायऱ्यांवर हाइन्झ बोलायला उभा राहतो. समोर दहाएक हजारांची गर्दी, तुम्हीही तिच्यात रेटले जाताय. वय ३३, गडी देखणा आणि बोलण्यात पटाईत. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या खाणीत आठ तासांचा दिवस दिला होता, त्यामुळे तुम्ही त्याचं ऐकून घेता. कंपनी उद्या अख्खं राज्य गिळेल, असं तो बजावतो. टाळ्या पडतात. त्याला डोक्यावर घेऊ नका मात्र. तोही ब्रुकलिनहून आलेला, आणि त्याचा धंदा खाणीइतकाच कोर्टात चालतो. तांब्याची शीर ज्याच्या जमिनीत वर डोकं काढते, त्यानं ती शेजाऱ्याच्या जमिनीखालीही खणत न्यावी, असा इथला कायदा. शीर नेमकी कुणाची, हे ठरवणार क्लॅन्सी. आणि क्लॅन्सी कुणाचा, हे सारं गाव जाणून आहे.

कंपनीची मागणी एकच. राज्यपाल जोसेफ टूल यांनी खास अधिवेशन बोलवावं आणि पक्षपाती वाटणारा न्यायाधीश बदलून मागता येईल असा कायदा करावा. मागणी मुळात वाजवी आहे. असा न्यायाधीश बदलून मागायची सोय मोंटानात आजही आहे. पण तुम्हाला ते कुठलं सुचायला? हिवाळा तोंडावर आलाय, घरात पगार नाही. हाइन्झला टाळ्या दिलेले तुम्हीच, आता अधिवेशन एकदाचं होऊन जाऊ दे म्हणता. राज्यपाल नमतात, काम सुरू होतं, डिसेंबरात कायदा होतो. पाकीट कुठं दिसलं? आमदार विकत घेत बसण्यापेक्षा मतदाराची चूल विझवणं सोपं गेलं. हाइन्झ १९०६ मध्ये आपल्या ब्यूटच्या खाणी याच कंपनीच्या लोकांना विकून मोकळा झाला.

पुढची वर्षं भराभर उलटूया. १९१२ मध्ये इथल्या लोकांनी थेट मतदानानं कंपन्यांना निवडणुकीत पैसा ओतायची बंदी घातली. ती शंभर वर्षं टिकली. जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ती मोडीत काढली.

आता २०२४ चा ऑक्टोबर, बोझमनमधला एक बार. बाहेरून आलेल्यांनी राज्य भरत चाललंय, घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यात आणि राजकारण उजवीकडे झुकलंय. समोरच्या पडद्यावर डेमोक्रॅट जॉन टेस्टर आणि रिपब्लिकन टिम शीही यांच्या जाहिरातींचा मारा. एका सिनेटच्या जागेवर २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च होतोय, आणि मतं पडणार साधारण ६ लाख. भागाकार तुम्हीच करा. दोन्हीकडचा बराचसा पैसा परराज्यातून आलेला, आणि दोन्हीकडच्या जाहिराती समोरच्याला बाहेरच्यांचा माणूस म्हणतात. टेस्टर इथला शेतकरी, शीही २०१४ मध्ये इथं स्थायिक झालेला. पण पैसा देणाऱ्यांना त्याचं काय. रॉजर्सला मोंटानाचं तांबं हवं होतं, न्यायाधीश हवा होता. यांना मोंटानाकडून फक्त सिनेटमधलं एक मत हवंय, कॅलिफोर्नियाच्या सिनेटरच्या मताइतकंच वजनदार.

शीही सुमारे ७ टक्क्यांनी जिंकतो. वॉशिंग्टनमध्ये रिपब्लिकनांच्या जागा ५३ होतात.