ह्यूस्टन, 1962 : पहिल्या सिलिकॉन स्तनरोपणाची कथा

1962 साली टिमी जीन लिंडसे ही सहा मुलांची आई टेक्सासमधील ह्यूस्टनच्या एका धर्मादाय रुग्णालयात गेली, ती छातीवरचे गोंदण काढून घेण्यासाठी. शल्यविशारद थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी तिच्यापुढे निराळाच प्रस्ताव ठेवला. तिला हवे होते ते पुढे आलेले कान मागे बसवून घेणे! तेही करून देऊ म्हटल्यावर ती राजी झाली.

रक्ताची प्लास्टिक पिशवी हातात दाबताना गेरो यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. सिलिकॉन रबराचे कवच, आत जेल. आधीची चाचणी झाली होती एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर. अशा साधनांची विक्रीपूर्व तपासणी करणारा कायदा अमेरिकेत 1976 मध्ये आला. तोवर हजारो स्त्रियांच्या शरीरात ही रोपणे बसली होती.

परक्या वस्तूभोवती शरीर व्रणाच्या ऊतीचे वेष्टन विणते. काही स्त्रियांत ते आवळत जाते, स्तन कठीण होतो, दुखतो. कधी कवचच फाटते. तक्रारी वाढल्यावर 1992 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कडक निर्बंध घातले, ते 2006 मध्ये उठले. दरम्यान 1999 च्या एका मोठ्या वैद्यकीय अहवालात सर्वांगीण रोगांशी संबंध आढळला नाही. स्थानिक दुष्परिणाम मात्र खरे ठरले. (या दोहोंची गल्लत आजही होते.)

ही रोपणे जन्मभराची नव्हेत, हे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी लेखी सांगून तिची सही घेण्याचा नियम तेथे 2021 मध्ये झाला. लिंडसेबाईंच्या शस्त्रक्रियेला तेव्हा 59 वर्षे लोटली होती.