विमानातले मुके प्रवासी

श्रोतेहो, मुलाची बदली दूर मुलुखात झाली, मागोमाग बिऱ्हाड हलले आणि दारचा कुत्राही विमानाने न्यायचे ठरले, तर आज कोणी तोंडात बोट घालीत नाही. पण गंमत अशी, की माणसाच्या आधी आकाशात जनावरेच बसून गेली!

1783 सालची गोष्ट. फ्रान्समधील मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा केला. वर गेलेला प्राणी जगेल की नाही, हे कोणास सांगता येईना. म्हणून 19 सप्टेंबर रोजी व्हर्साय येथे, सोळाव्या लुई राजासमक्ष, फुग्याखालच्या पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा ठेवण्यात आला. बदकाला उंचीची सवय. कोंबडा पक्षी खरा, पण उंच न उडणारा. मेंढी तर तुमच्याआमच्यासारखी जमिनीवरचीच. सुमारे आठ मिनिटांनी फुगा तीनेक किलोमीटरवर उतरला. तिघेही जिवंत! कोंबड्याचा पंख तेवढा दुखावला होता. झाले, हा वरच्या हवेचाच परिणाम, अशी चर्चा सुरू झाली. पण पाहणारे म्हणाले, अहो, उडण्याआधीच मेंढीने त्याला लाथ मारली होती! म्हणजे दोष आकाशाचा नव्हता. कोणाला कोणाजवळ कोंडले, याचा होता. दोनच महिन्यांनी, 21 नोव्हेंबरला, माणसे फुग्यातून उडाली.

हाच धडा पुढे फार कडू रीतीने गिरवावा लागला. पोलिओची लस करण्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्याकरिता आपल्या देशातून हजारो माकडे विमानाने परदेशी जात. 1955 च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर अशी सुमारे 400 माकडे गुदमरून मेली. विमानाला काही झाले नव्हते. कोंडलेल्या जिवांना श्वासापुरती हवा मिळाली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत सरकारने ही निर्यात काही काळ थांबविली आणि 1978 मध्ये ती पुरती बंद केली. गुरुजी, वर्गात पोलिओच्या लशीचा पाठ घ्याल तेव्हा ही बाजूही मुलांना जरूर सांगा.

आज जिवंत जनावरांच्या विमानप्रवासाला आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. पिंजऱ्यात जनावराला नीट उभे राहता, वळता आणि निजता आले पाहिजे. हवा खेळती पाहिजे. पाण्याचे भांडे पाहिजे. प्रवासाआधी काही दिवस पिंजरा घरातच उघडा ठेवावा, म्हणजे कुत्र्याला त्याची भीती राहत नाही. ‘झोपेचे औषध देऊ, म्हणजे गप्प पडेल’ असे कोणी सुचवील. आपल्या मनाने ते मुळीच देऊ नये, त्याने श्वासावर ताण पडू शकतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धोका अधिकच. पिसाळीची लस आणि दाखले यांची चौकशी पशुवैद्याकडे आधीच करावी.

आणि आपण विमानात बसणार नसलो, तरी बाजाराला बैल नेताना ट्रक लागतोच ना? फळी लावण्याआधी क्षणभर थांबा. आत हवा येते का, जनावराला पाय रोवून उभे राहता येते का, तेवढे बघा. ते आपणहून सांगणार नाही.